वॉटरप्रूफ जाकीट

वर्षानुवर्षं नष्ट न होणारी फ्लोरिनची रसायनं मेम्ब्रेनच्या बारीक पडद्यातून गाळून पाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटवर काकांची वीस वर्षं गेली होती. पण गेले तीन महिने गाळलेल्या पाण्यातही तीच रसायनं सापडत होती. मेम्ब्रेन दोनदा बदलूनही फरक पडेना, तेव्हा साहेबांनी हलगर्जीपणाचा ठपका ठेवून काकांना घरी बसवलं.

त्याच दुपारी, पाण्याचे नमुने भरणाऱ्या तंत्रज्ञाने एरवी जेवणाच्या डब्याखाली अंथरायची नियमपुस्तिका पहिल्यांदाच वाचली. 'नमुना घेताना वॉटरप्रूफ जाकीट घालू नये. त्याच्या लेपात हीच रसायनं असतात.' त्याने आपलं जाकीट बरोब्बर तीन महिन्यांपूर्वी घेतलं होतं.

खरं सांगून टाकायला तो फाटकापर्यंत धावला. काका पिशवी पोटाशी धरून पावसात उभे होते. पण सांगायचं सोडून त्याने अंगातलं जाकीट काढून त्यांच्या खांद्यांवर घातलं.

"अरे, तू भिजशील की!"

"असू दे, काका. तुमच्याकडेच ठेवा."

"देवमाणूस आहेस रे बाबा!" काकांचे डोळे भरून आले.

 

दुसऱ्या दिवशीचा नमुना एकदम निर्दोष निघाला, आणि साहेबांनी तंत्रज्ञाच्या पाठीवर थाप मारली, "बघितलंस? म्हातारा गेला आणि पाणी सुधारलं!"