प्रसेनजीतचा कप

घरात जेवल्यावर खरकटं ताट जागेवर सोडून उठणारा आपला पोरगा परक्याच्या घरी स्वतःचा कप स्वतः धुतो, हे कळलं आणि अंबूबाईचं डोकं फिरलं.

"चाळिशीला टेकलास. हितं पाण्याचा तांब्या हलवत न्हाईस. आणि तिथं भांडी घासतोस व्हय?"

"भांडी न्हाय गं आई. माझा एकट्याचा कप. धैर्यशीलच्या आईनं नाव घालून आणलाय." प्रसेनजीत हसला. "खुद्द धैर्यशीलला तसा न्हाय, ड्रमवाल्या सार्थकला न्हाय. मला घरचा मानतात म्हणून तर."

प्रसेनजीत बेस गिटार वाजवायचा. सहा तारांचं गिटार जमलं नाही म्हणून पोरानं चारवर भागवलं, असं अंबूबाई गल्लीत सांगायची. गडमुडशिंगीत भीमगीतांच्या पार्टीत मागं उभं राहून त्यानं सुरुवात केली. मग हळदीचे ऑर्केस्ट्रा. मग केस वाढवलेल्या पोरांचा रॉक बँड, तो चंदगडच्या घाटात गाडी बंद पडल्यावर भांडून फुटला. दुसरा रॉक बँड गायकाच्या लग्नानं मोडला. शेवटी राजारामपुरीत धैर्यशीलच्या बंगल्यावर ब्लूज वाजवायला लागला, त्याला सहा वर्षं झाली.

आता पुण्याच्या एका मोठ्या बँडनं त्याला बोलावलं होतं. सोमवारपर्यंत कळवायचं होतं. आणि हा नको म्हणायला निघाला होता.

"पुण्यात मला कोण वळखतंय? हितं माझा कप हाय."

"कपासाठी पुणं सोडतोस? तुझ्या अकलेला काय वाळवी लागलीया?"

"कपासाठी न्हाय. मानासाठी."

सूतगिरणीत अंबूबाईनं तीस वर्षं काढली, पण मुकादमाला तिनं कधी साहेब म्हटलं नव्हतं. मानाचं तिला कळत होतं.

"असलं कुठलं घर हाय ते बघू तर," म्हणत रविवारी सकाळी ती इस्त्रीचं पांढरं पातळ नेसून त्याच्या गाडीवर मागं बसली. वाटेतही तोंड चालूच होतं. घर बघायचं, चार शब्द सुनावायचे आणि पोराला घेऊन यायचं, असं ठरवूनच ती निघाली होती.

धैर्यशीलच्या आई दारापर्यंत सामोऱ्या आल्या. "या मावशी. खाली कशाला, वर बसा की." हाताला धरून त्यांनी तिला सोफ्यावर बसवलं. "तुमच्या प्रसेनजीतशिवाय आमचं पान हलत नाही बघा."

धैर्यशीलनं एक गाणं म्हणून दाखवलं. "परमुलखात शेतात राबणाऱ्या काळ्या लोकांची गाणी ही, मावशी. कुणी माणसात धरलं नाही त्यांना. गाताना अजून घसा दाटतो." खरंच दाटला होता.

प्रसेनजीत मागं भिंतीला टेकून वाजवत होता. त्याचा ठोका सोफ्याच्या लाकडातून अंबूबाईच्या पाठीला लागत होता. सुनावायचे चार शब्द तिनं गिळले. असल्या घरातून पोराला ओढून न्यायला आपण आलो, म्हणून तिला स्वतःचाच राग आला. राहू दे हितंच, असं मनात येऊन गेलं.

चहा आला. ट्रेमधले पांढरे कप सगळ्यांपुढं फिरले. अंबूबाईचा मात्र धैर्यशीलच्या आई स्वतः हातात घेऊन आल्या. निळा, वर गिटारचं चित्र. साक्षरतेच्या वर्गात ती स्वतःचं आणि पोराचं, एवढी दोनच नावं शिकली होती. तिनं अक्षरं लावली. प्र. से. न.

"ह्यो ह्याचा हाय की."

"असू दे हो. मायलेकरांत काय आपपर?" त्या हसल्या. प्रसेनजीतला त्यांनी कागदी पेल्यात चहा दिला.

समोर काचेच्या कपाटात आणखी पांढरे कप टांगलेले होते. अंबूबाई त्यांच्याकडं बघत चहा प्याली. चहा चांगला होता, आलं घातलेला.

चहा झाल्यावर सार्थकनं आपला कप ट्रेमध्ये ठेवला. ट्रे आत गेला. प्रसेनजीतनं आईच्या हातातला कप घेतला, मागल्या दारानं बाहेर गेला, बागेच्या नळावर विसळला आणि खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर पालथा घातला. कट्ट्यावर कपाच्या बुडाएवढा गोल डाग पडलेला होता. कप बरोबर त्याच्यावर बसला.

पँटीला हात पुसत तो आत आला तेव्हा अंबूबाई उभी होती. आवाज तिनं चढवला नाही. तरी खोलीतल्या सगळ्यांना ऐकू गेलं.

"माझ्या बापाची करवंटी हुती, पाटलाच्या गोठ्यात, कोनाड्यात ठेवल्याली. तिच्यावर नाव न्हवतं. आणि त्यानं घरी येऊन तिचं कौतुक कधी सांगितलं न्हाय."