पेटी धरणारी

“तुमच्या चेहऱ्यावर डोळे आहेत की कोटाची बटणं?” एव्हान्थियाबाई कडाडल्या.

थडग्यावरच्या उंच शिळेपुढे अकरा विद्यार्थी माना खाली घालून उभे राहिले. ग्रीक आणि रोमन कलेतल्या स्त्रिया हा बाईंचा विषय. दर वसंतात त्या आपला वर्ग अथेन्सच्या या संग्रहालयात आणत. काम सोपं असे. दगडात जे दिसतं ते लिहायचं.

बाईंचे गुडघे दुखत, म्हणून दालनातली पहारेकरीण त्या दिसल्या की खुर्ची आणून ठेवी. आजही खुर्चीत बसून बाईंनी एकेक कागद वाचला होता. शिळेवर कोरलेल्या, बसलेल्या स्त्रीचं सगळं आलं होतं. तिचं आसन, डोक्यावरचा पदर, कानातले डूल, वर कोरलेलं फिलूमेने हे नाव. तिच्यासमोर दागिन्यांची पेटी धरून उभी असलेली दुसरी मात्र एकाही कागदावर नव्हती.

“लेफ्टेरिस, ही कोण रे?”

“दासी असेल, बाई. तिचं नाव कुठे कोरलंय?”

“कोरलं नाही म्हणजे ती नव्हतीच का? बावीस वर्षं घसा फोडून हेच सांगतेय. एव्हाना या दगडालाही पाझर फुटला असता!”

पुढच्या महिन्यात बाई निवृत्त होणार होत्या. जाण्याआधी निदान एकाला तरी ती दुसरी आपणहून दिसावी, एवढंच त्यांना हवं होतं. त्यांनी वाचायचा चष्मा काढला, डबीत घातला आणि न बघताच हात बाजूला केला. “जरा धर गं.”

कोणीतरी डबी घेतली.

क्लिओनिकी नावाची अबोल मुलगी शिळेकडे बघत होती. मग बाईंकडे. मग परत शिळेकडे.

“बाई, हलू नका. दिसली मला ती.”

बाईंचा चेहरा फुलला. “शाब्बास, पोरी! एक तरी निघाली. सांग, कशी आहे?”

“उभी आहे. हातात तुमची डबी आहे.” क्लिओनिकी घुटमळली. “बाई, यांचं नाव काय हो?”

बाई वळल्या. पहारेकरीण डबी दोन्ही हातांनी धरून उभी होती. बारा वर्षं तीच खुर्ची आणत होती. तिच्या छातीवर नावाचा बिल्ला होता. बाई पुढे वाकल्या, डोळे बारीक केले. अक्षरं काही लागेनात.

चष्मा तिच्या हातात होता.