लूमवरची खूण
दोन सरकारी कॉलेजांत माझा नंबर लागला होता. राजकोटला नोकरी द्यायला कंपन्या येतात, पण हॉस्टेलचा खर्च आहे. सुरतचं कॉलेज घरून बसने जमतं, पुढचं मात्र काही सांगता येत नाही. राजकोट म्हटलं असतं तर पप्पांनी डबल पाळी धरली असती. कापड कारखान्यातल्या लूमच्या खडखडाटात त्यांचा एक कान गेलाय, दुसराही गेला असता. त्यांना मी फक्त सुरतचंच सांगितलं. ते समोर जेवत होते. मी मोबाईलवर सुरत निवडलं. मम्मी भाकरी थापताना हळूच बोलली, "राजकोटले नंबर लागेल व्हता, हाई तुना पप्पाले सांगू नको." लूमवर माणसं ओठ वाचतात, हे ती विसरली. पप्पांचा घास थांबला. त्यांनी तळहात उभा धरला. धागा तुटला की कारखान्यात तशीच खूण करतात: मशीन थांबव. माझं बोट तोवर 'कन्फर्म' दाबून उठलं होतं.