कौसाबाईची अट

"ती अट काढ आणि नवा प्रोग्राम बनव. आत्ताच्या आत्ता!" कल्पेशनं लॅपटॉप मनालीच्या पुढ्यात आदळला.

अंबरनाथ एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात पत्र्याला साच्यात दाबून आकार देणारी नवी प्रेस बसून चारच दिवस झाले होते. हात साच्याबाहेर राहावेत म्हणून प्रेसला दोन हातांनी दाबायची दोन बटणं असतात; जुन्या प्रेसवर बायका त्यातलं एक तारेनं बांधून टाकायच्या आणि मोकळ्या हातानं पत्रे सरकवायच्या. काम भराभर उरकायचं. नवी प्रेस मात्र तारेला दाद देत नव्हती. सुपरवायझर कल्पेशचा माल निम्म्यावर आला होता.

"प्रोग्राम मी लिहीतच नाही, सर," नव्या प्रेसचं काम बघणारी इंजिनियर मनाली म्हणाली. "काय कधीच होता कामा नये, तेवढं मी अटींत मांडते. त्यावरून कम्प्युटर स्वतः प्रोग्राम बनवतो. दर वेळी दोन्ही बटणं सोडून पुन्हा दाबल्याशिवाय प्रेस खाली येणार नाही, ही अट आहे. ती मी काढणार नाही."

"कोणी सांगितली ही अट?"

पत्रे रचत असलेली कौसाबाई पुढे आली. रोज वांगणीहून यायची, बारा वर्षं प्रेसवर काढलेली बाई.

"मी सांगितली. पोरीनं इचारलं, काय व्हायला नको? मी बोलले, ह्ये नको." तिनं डावा हात वर केला. त्याची दोन बोटं जुन्या प्रेसनं नेली होती.

कल्पेशनं तिच्या कानाखाली अशी ठेवून दिली की ती पत्र्यांच्या चळतीवर कोसळली. धारेनं कपाळ फाटलं. मनाली मध्ये पडली, तर तिलाही त्यानं भिंतीवर ढकललं. मग कौसाबाईला मनगटाला धरून फरफटत नव्या प्रेसपाशी नेलं आणि तिचा उजवा, धड हात साच्यात दाबून धरला. एक बटण त्यानंच सकाळी तारेनं बांधून पाहिलं होतं, ती तार अजून तशीच होती. "बघू तुझी अट!" म्हणत त्यानं दुसऱ्यावर मूठ आपटली. पुन्हा आपटली.

शेजारच्या मशीनवरची गोजरबाई किंचाळली. कौसाबाईनं डोळे घट्ट मिटले.

प्रेस हलली नाही.

तिनं डोळे उघडले. कल्पेश तिसऱ्यांदा मूठ उगारत होता. तेव्हा तिला कळलं, हा नुसती भीती घालत नव्हता. साचे आवळायचा पाना तिच्या हाताशी होता. उरलेल्या तीन बोटांत तो धरून तिनं त्याच्या कोपरावर घातला. हाड मोडल्याचा आवाज अख्ख्या शेडमध्ये ऐकू गेला. तो खाली बसला, तरी ती मारतच राहिली. गोजरबाईनं मागून मिठी मारून आवरलं, तेव्हा कुठे पाना गळून पडला.

पोलीस चौकीत कल्पेशची फिर्याद आधीच लिहून झाली होती. हवालदारानं कौसाबाईच्या फाटलेल्या कपाळाकडे न बघता तिला उजवा हात टेबलावर ठेवायला लावला आणि उलटसुलट करून पाहिला.

"त्याचा हात दोन ठिकाणी मोडलाय," तो म्हणाला. "तुझ्या हाताला साधं खरचटलेलंही नाही. मशीन खाली आलंच नाही. मग तुझी तक्रार काय लिहू?"

कौसाबाईनं हात तिथंच राहू दिला.

"मशीन 'नाय' बोललं, साहेब," ती म्हणाली. "तो बटणावर मूठ आपटून 'हो' बोलला व्हता. दोनदा बोलला. तेच लिवा."