पंधरा दिवसांचे वकील

१९७८ साली आमच्या कोर्टात नव्या वकिलांना पंधरा दिवसांचं प्रशिक्षण सक्तीचं झालं. पहिल्याच दिवशी पंधरा सह्या ठोकून सगळे चहाला जात. मी आवारात टायपिंग करायचे, मला दिसायचं.

कल्हईवाल्या भागूबाईचं दुकान एके दुपारी कोर्टाचा बेलीफ रिकामं करणार होता. स्थगिती मागायला प्रशिक्षित खळदकर वकील वीस मिनिटं इंग्रजीत बोलले.

"बाईंनी तुम्हाला नेमल्याचं वकीलपत्र कुठाय?" न्यायाधीशांनी विचारलं.

"ते प्रशिक्षणात नव्हतं, सर."

"मग पंधरा दिवस केलंस काय, बाबा?" भागूबाई मागून म्हणाली.

दोघं धावत माझ्याकडे आले. मी घाईनं वकीलपत्र टाइप करून तिचा अंगठा घेतला. ते घेऊन खळदकर पोचेपर्यंत न्यायाधीश कामकाज संपवून उठले होते. दुसऱ्या दिवसापासून उन्हाळ्याची सुट्टी. दुकानाला कुलूप लागलं.

न्यायाधीश बढतीवर गेले. खळदकरांचं नाव झालं, बंगला झाला. भागूबाई रस्त्याकडेला भाता लावून कल्हई करत राहिली. मरेपर्यंत ती मला 'वकीलबाई' म्हणायची. नको म्हटलं, तर म्हणे, "त्या दिवशी तिथं दुसरं होतं कोण?"