लेबलाआधी अप्पांची सही

"फळं पिकल्यावरच तोडतात का?" मंजुश्रीनं फॉर्मवरचा सातवा प्रश्न विचारला.

"लालभडक झाल्याबिगर हात लावत न्हाईत. सोताच्या डोळ्यानं बघून आलो," तिचे अप्पा, संगप्पा, म्हणाले आणि पिशवीतली परखी काढून टेबलावर ठेवली.

पोत्यात खुपसून दाणा बाहेर काढायची ही लोखंडी परखी घेऊन अप्पांनी उदगीरच्या अडतीत चाळीस वर्षं काढली होती. तूर असो, बैल असो, नाहीतर पोरीला सांगून आलेलं स्थळ असो, अप्पा खोट काढणार म्हणजे काढणारच. एकदा नाही म्हटले की साक्षात महादेव आला तरी नाहीच.

म्हणून तर लेकीनं त्यांना चिकमगळूरला कॉफीची बाग पारखायला धाडलं होतं, आणि याचा त्यांना कोण अभिमान! मंजुश्री दुकानामागं कॉफी भाजायची. पुडीवर लेबल: बाग कुणाची, तोडणी कधीची, भाजली कुणी. सगळ्यात खाली पडताळणी करणाऱ्याची सही. ती अप्पांची. त्यांनी सही नाकारली तर तिथल्या त्या वीरेशच्या बागेचं नाव पुन्हा काढायचं नाही, असं पोरीनं कबूल केलं होतं. पण तिचा जीव त्याच बागेत अडकला होता. दुसरीकडची कॉफी तिला चालतच नव्हती.

"लेबलांचा घोळ होतो का?"

"त्येचीच तर गंमत हाय!" अप्पा पुढं सरकले. "मीच गुपचूप दोन पोत्यांची लेबलं आलटापालट केली. अडत्या माणूस मी, असा कसा इस्वास ठेवू? दुपारी वीरेश आला. दोन्ही पोत्यांत हात घातला, वास घेतला, आन् लेबलं जागच्या जागी! गड्यावर वरडला न्हाई. मलाच कानडीत म्हणला, माफ करा, लावताना माझं लक्ष नव्हतं. लाज वाटली गं मला."

"मग खरं सांगितलंत?"

"सांगितलं की. तर हसून म्हणतो, अजून चार पोती बदलून बघा."

मंजुश्रीनं मान खाली घालून बरोबरची खूण केली. तिचा पेन जरा जास्तच जोरात टेकला.

"घरातल्या बाईचं कारभारात किती चालतं?"

"हे बी लेबलावर येतं का?"

"गिऱ्हाईक आता माणूस बघून कॉफी पितंय, अप्पा."

"असंल बाबा. उमादेवी, त्येची आई. सगळं तिच्या इचारानं चालतं. बोलती मोठ्यानं, पण पोटात काय ठेवत न्हाई. तीन दिस मला सोताच्या हातानं भाकर वाढली. इथं तुझी आई वाढती का तशी?"

"ऐकू आलं बरं!" आतून शिवगंगाबाईंचा आवाज आला.

"उत्पादकाला व्यसन?"

"कॉफीचं. त्ये बी आईच्या धाकानं दोनच कप."

शेवटच्या प्रश्नाआधी मंजुश्रीनं फॉर्म सरळ करून घेतला. "या माणसाशी कायमचा व्यवहार करावा का? कारणासह."

अप्पांनी चष्मा काढून पुसला. खोट सापडली नाही म्हणून त्यांना स्वतःचाच थोडा राग आला होता. त्यांनी पुन्हा आठवून पाहिलं. बाग झक्कास, दाणा झक्कास, माणूस शब्दाचा पक्का. छे, काहीच नाही!

"लिही," ते म्हणाले. "चाळीस वर्षांत असा माणूस बघितला न्हाई. दुसऱ्या कुणी हात मारायच्या आत बांधून घ्या."

आणि त्यांनी ठसठशीत सही ठोकली, वर आपल्या मनानं तारीखही घातली.

मंजुश्रीचे डोळे भरून आले. ती अप्पांच्या पायाच पडली. धंद्यात एवढा जीव लावणारी पोर मिळायला पुण्य लागतं, असं वाटून अप्पांचा ऊर भरून आला. दारात येऊन उभ्या राहिलेल्या शिवगंगाबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या.

मंजुश्रीनं तिथंच चिकमगळूरला फोन लावला.

"झाली सही, सासूबाई," ती म्हणाली. "आता या तुम्ही मला बघायला."