स्थिर हात

तिसऱ्यांदा विमान गरगरत खाली आलं आणि पडदा काळा झाला. जॉयस्टिकवरचा उजवा हात भगवंतरावांनी डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला. मांडीवरही तो थरथरतच होता.

हे घरात आणलंच कशाला, असं हर्षाला होऊन गेलं. तिचे वडील सतरा वर्षं हवाई दलात फिटर होते. नॅट नावाच्या चिमुकल्या लढाऊ विमानांचे नट आवळायचे, वैमानिकाला पट्टे बांधून द्यायचे, शिडी काढून घ्यायचे आणि विमान दिसेनासं होईपर्यंत धावपट्टीच्या कडेला उभे राहायचे. स्वतः एकदाही उडाले नाहीत. आता कंपवात जडल्यापासून अमरावतीच्या घराबाहेरही पडत नव्हते. सकाळ-दुपारच्या गोळ्या तेवढ्या आपल्या हाताने घ्यायचे. हर्षा एका कोचिंग क्लासचे कॉम्प्युटर सांभाळायची. तिने जुन्या लढाऊ विमानांचा सिम्युलेटर शोधला, जॉयस्टिक मागवली, दोन रविवार खपून सगळी जोडणी केली. वारा, वजन, वेग, सगळं खऱ्यासारखं. थोडं सोपं करून देऊ का, असं तिने विचारलं होतं. वडिलांनी मान हलवली होती.

"हाय तसंच ठेव. मले खेळनं नाही पाह्यजे."

पण खरं विमान थरथरता हात खपवून घेत नाही. चौथ्या दिवशी भगवंतराव त्या खोलीकडे फिरकलेच नाहीत.

ते आंघोळीला गेल्यावर हर्षाने सेटिंग उघडलं. त्यात डेड झोन नावाची एक पट्टी असते. दांडा मधोमध असताना थोडाफार हलला, तरी विमानाने ते मनावर घ्यायचं नाही, एवढी ती सूट. हर्षाने ती दहा टक्क्यांवर नेली आणि संध्याकाळी वडिलांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं.

नॅट उडालं. डगमगलं, पण उडालं. भगवंतरावांनी वळून लेकीकडे पाहिलं. तिच्या लग्नातही तिने त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं.

मग रोज संध्याकाळचा तास ठरून गेला. ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसू लागले. आज वळण कसं घेतलं, किती उंचीवर गेलो, हे जेवताना सांगू लागले. हाताला आता सवय लागली, असं म्हणायचे. हर्षा हो म्हणायची.

हात मात्र बिघडतच चालला होता. महिन्याभरात शर्टाची बटणं तिला लावून द्यावी लागली. चहा कपात कमी आणि बशीत जास्त राहू लागला. पाय फरफटू लागला. कधी कधी तर उंबऱ्यापाशी ते खिळा ठोकल्यासारखे उभे राहायचे. हर्षाने ती पट्टी पंचवीसवर नेली, मग चाळीसवर. शेवटी तेवढ्यानेही भागेना, तेव्हा तिने वेगळाच उपाय केला. उड्डाणानंतर चाकं आत घ्यायचं जे बटण होतं, त्यालाच तिने आपोआप उडण्याची सोय जोडून दिली. चाकं आत गेली, की पुढचं सगळं कॉम्प्युटर करायचा. उतरवायचाही तोच. भगवंतराव दांडा घट्ट धरून वळणावर अंग झुकवायचे.

तिने अकोल्याच्या डॉक्टरांना फोन केला. हा आजार असाच पुढे सरकत जातो, पुढच्या तारखेला घेऊन या, असं ते म्हणाले. हर्षा स्वयंपाकघरात थोडी रडली. मग तिने ठरवलं, दिवसातला एक तास तरी त्यांचा राहू द्यावा.

जानेवारीतल्या एका रविवारी अकोल्याहून पुंजाजी आले. हवाई दलात ते भगवंतरावांच्याच तुकडीत रेडिओचं काम करायचे. तोंडाचे फटकळ. भगवंताच्या संथ हातांवरून त्यांनी त्याला जन्मभर चिडवलं होतं. भगवंतरावांनीच त्यांना मुद्दाम बोलावलं होतं.

नॅट उडालं. चाकं आत गेली. विमानाने एक सुरेख गिरकी घेतली. पुंजाजींच्या हातातलं भजं हातातच राहिलं.

तेवढ्यात भगवंतरावांचा आखडलेला पाय टेबलाखालच्या वायरीत अडकला. झटका बसला आणि जॉयस्टिकची पिन निघून फरशीवर पडली. पडद्यावर नॅट डावीकडे वळलं, धावपट्टीच्या रेषेत आलं, त्याची चाकं बाहेर आली आणि फूल ठेवावं तसं ते अलगद टेकलं. भगवंतरावांचे दोन्ही हात दांड्यावर होते.

पुंजाजींनी वायर उचलून पाहिली.

"भगवंता, वायर तं कवाची खाली पडली. मंग इमान कोन चालवून राह्यलं?"

आणि ते हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. चाभीच्या खेळण्यात बसलेलं लेकरू दिसतोस, असं म्हणाले. मग त्यांची नजर हर्षाच्या चेहऱ्यावर गेली आणि त्यांनी वायर हळूच टेबलावर ठेवली.

हर्षा वडिलांच्या खुर्चीपाशी खाली बसली. तिने सगळं सांगितलं. दहा टक्के, चाळीस टक्के, चाकांचं बटण. तुम्हाला बरं वाटावं म्हणूनच केलं, असं दोनदा म्हणाली. भगवंतरावांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. कधीपासून, एवढंच विचारलं. पहिल्या आठवड्यापासून, हर्षा म्हणाली.

ते चिडले नाहीत. आजाराने ताठरलेल्या त्या चेहऱ्यावर काही उमटलंच नाही. आवाज इतका बारीक निघाला की तिला कान जवळ न्यावा लागला.

"मले वाटलं, हात सुधरून राह्यला," ते म्हणाले. "म्हून गोळ्या सोडल्या मी. पयले दुपारची, मंग सकाळची. दीड महिना झाला, एकबी घेतली नाही."